कार्बनचा मोकळा हात

मुलांनो, आपल्या वर्गात खिडकीजवळ एखादा जुना तक्ता लावलेला असेल, तर तो जरा निरखून पाहा. त्याने दोन उन्हाळे पाहिले असतील, तर त्यावरचा लाल रंग आता गुलाबी झाला असेल. तसाच दुसरा तक्ता कपाटात गुंडाळून ठेवला असेल, तर त्याचा लाल रंग अजून लालच असेल. खिडकीजवळचा तक्ता कोणी पाण्याने धुतला नाही, की त्यावर खोडरबर फिरवले नाही. मग रंग गेला कुठे?

रंग उन्हाने नेला. प्रकाश ही ऊर्जा आहे, हे तुम्ही विज्ञानात शिकला आहात. ही ऊर्जा एखाद्या रेणूने शोषून घेतली, की त्यातला एक इलेक्ट्रॉन खालच्या पायरीवरून वरच्या पायरीवर जातो. अशा रेणूला उत्तेजित रेणू म्हणतात. रेणू म्हणजे तुमच्या उर्दू पुस्तकातला सालिमा आणि अणू म्हणजे जौहर, हे ध्यानात ठेवा, म्हणजे पुढचे वाचताना अडणार नाही. वर गेलेला इलेक्ट्रॉन तेथे फार वेळ राहत नाही. कधी तो निमूटपणे खाली येतो आणि मिळालेली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने टाकून देतो. कधी खाली येताना तो प्रकाश देतो. आणि कधी तो खाली येण्यापूर्वीच रेणू मोडतो किंवा शेजारच्या रेणूशी त्याची काही देवघेव होते. तक्त्यावरच्या रंगाचे असेच झाले. प्रकाशामुळे घडणाऱ्या अशा बदलांच्या अभ्यासाला प्रकाशरसायन म्हणतात.

आज मी तुम्हांला ज्या माणसाची हकिकत सांगणार आहे, त्याच्या हातात एके दिवशी एक पिवळे द्रावण आले. त्या द्रावणाला हवा लागली तर रंग जाई. हवा लागू दिली नाही, पण ऊन लागले, तरी रंग जाई. ते पिवळे द्रावण काय आहे हे त्याने जगाला सांगितले, तेव्हा पुष्कळ विद्वानांना ते पटेना. त्या माणसाचे नाव मोझेस गोम्बर्ग.

गोम्बर्ग यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८६६ रोजी येलिसावेतग्राद या गावी झाला. हे गाव तेव्हा रशियाच्या साम्राज्यात होते. आज ते युक्रेन देशात आहे आणि त्याचे नाव क्रोपिव्नित्स्की असे आहे. गोम्बर्ग यांचे घराणे यहुदी होते. त्या काळी रशियात यहुदी लोकांचे जीवन सुखाचे नव्हते. मोझेस १५ वर्षांचे असताना, १८८१मध्ये, त्यांच्याच गावात यहुदी वस्तीवर हल्ले झाले, घरे आणि दुकाने लुटली गेली. पुढे १८८४मध्ये मोझेस यांच्या वडिलांवर झारच्या विरुद्ध काम केल्याचा आरोप आला. घरदार, जमीन जप्त झाली. कुटुंबाला देश सोडावा लागला. मुलगा १८ वर्षांचा, नुकताच शाळेतून बाहेर पडलेला. असे हे लोक समुद्र ओलांडून अमेरिकेतील शिकागो शहरात येऊन पोचले.

शिकागोत त्यांना ना भाषा येत होती, ना कोणाची ओळख होती. त्या शहरात गुरांचे मोठमोठे गोठे आणि कत्तलखाने होते. रोज हजारो जनावरे तेथे येत. गोम्बर्ग पितापुत्रांनी तेथे मजुरी केली. दिवसभर राबायचे आणि उरलेल्या वेळात इंग्रजी शिकायचे. मुलांनो, तुम्ही घरी एक भाषा बोलता, शाळेत मराठी दुसरी भाषा म्हणून शिकता आणि तिसरी भाषा इंग्रजी. तुम्हांला हे ओझे वाटत असेल. पण परक्या भाषेत नुसते बोलायलाच नव्हे, तर विचार करायला शिकणे म्हणजे काय, हे तुमच्याइतके चांगले कोणाला कळणार?

शिकागोत शालेय शिक्षण पुरे करून १८८६मध्ये मोझेस मिशिगन राज्यातील ॲन आर्बर या गावी गेले. तेथे मिशिगन विद्यापीठ होते. त्यांना पदार्थविज्ञान शिकायचे होते. तेथील प्राध्यापक कारहार्ट यांनी विचारले, की त्रिकोणमिती येते का? मोझेस यांनी खरे ते सांगितले, की येत नाही. मग प्रवेश मिळणार नाही, असे प्राध्यापकांनी सांगितले. थोड्याच दिवसांनी हा मुलगा पुन्हा दाराशी हजर! आता त्रिकोणमिती येते, असे त्याचे म्हणणे. प्राध्यापकांनी प्रश्न विचारून पाहिले. खरोखरच येत होती. मुलाने पुस्तक आणून ती स्वतःच शिकून घेतली होती. ही गोष्ट गोम्बर्ग यांच्याविषयी आजही सांगतात.

शिक्षणाचा खर्च काम करून भागवत त्यांनी १८९०मध्ये पदवी मिळवली आणि १८९४मध्ये प्राध्यापक प्रेस्कॉट यांच्या हाताखाली डॉक्टरेट घेतली. त्यांच्या अभ्यासाचा विषय होता कॅफिन, म्हणजे तुमच्या चहात असते ते. नंतर ते त्याच विद्यापीठात शिकवू लागले. त्या काळी रसायनशास्त्राचे माहेरघर जर्मनी होते. गोम्बर्ग यांनी पैसे साठवले, रजा घेतली आणि १८९६मध्ये ते जर्मनीस गेले. म्युनिक येथे बेयर आणि थीले या रसायनशास्त्रज्ञांकडे आणि नंतर हायडेलबर्ग येथे व्हिक्टर मायर यांच्याकडे त्यांनी काम केले.

येथे थोडे थांबून कार्बनविषयी बोलले पाहिजे. त्याशिवाय गोष्टीची गंमत कळणार नाही.

कार्बनच्या अणूला चार हात असतात असे समजा. या हातांनी तो इतर अणूंना धरतो. पुस्तकात याला संयुजा म्हणतात. तुमच्या उर्दू पुस्तकात याला गिरफ्त म्हणतात आणि मला तो शब्द फार आवडतो, कारण त्यात पकड आहे. ऑगस्ट केकुले या शास्त्रज्ञाने १८५८मध्ये कार्बनची संयुजा चार आहे हे मांडले आणि त्यावर सगळे कार्बनी रसायन उभे राहिले. कार्बनचा एखादा हात रिकामा राहू शकेल का? त्याआधी काही रसायनशास्त्रज्ञांना तसे वाटले होते. अणूंचे असे तुटके गट, ज्यांना मूलके म्हणतात, ते वेगळे काढायचा त्यांनी प्रयत्नही केला. पण प्रत्येक वेळी दोन मूलके एकमेकांचा हात धरून बसलेली सापडली. शेवटी सर्वांनी मान्य केले, की कार्बनचा हात मोकळा राहत नाही. मुक्त, म्हणजे आझाद, मूलक अशी काही वस्तू नाही.

आता मायर यांच्या प्रयोगशाळेत परत जाऊ. बेन्झिन हा सहा कार्बन अणूंचे कडे असलेला पदार्थ आहे. एका कार्बनच्या चारही हातांत बेन्झिनचे एकेक कडे द्यायचे, असा पदार्थ गोम्बर्ग यांना तयार करायचा होता. अनेकांनी तो प्रयत्न करून सोडला होता. स्वतः मायर यांनाही तो जमला नव्हता. एका लहानशा अणूभोवती एवढी मोठी चार कडी मावणार कशी? दुसरा विषय घ्या, असा सल्ला मायर यांनी दिला. गोम्बर्ग यांनी ऐकून घेतले आणि काम चालूच ठेवले. १८९७मध्ये त्यांना तो पदार्थ मिळाला. फार थोडा मिळाला, पण मिळाला.

ॲन आर्बरला परतल्यावर त्यांनी पुढची पायरी ठरवली. आता दोन कार्बन अणू घ्यायचे. प्रत्येकाच्या तीन हातांत बेन्झिनची तीन कडी, आणि चौथ्या हाताने दोघांनी एकमेकांना धरलेले. या पदार्थाला हेक्झाफिनाइलइथेन म्हणतात. नाव लांब आहे, पाठ करू नका. तो करायची रीतही सरळ दिसत होती. ज्या कार्बनच्या तीन हातांत कडी आणि चौथ्या हातात क्लोरीन आहे, असा पदार्थ घ्यायचा. त्यावर चांदीची बारीक पूड टाकायची. चांदी क्लोरीनला काढून घेईल. मग रिकाम्या झालेल्या हातांनी दोन कार्बन एकमेकांना धरतील.

प्रयोग झाला. सुंदर पांढरे स्फटिक मिळाले. आता ते हवे तेच आहेत का, हे तपासायचे होते. त्यासाठी पदार्थ वजन करून ऑक्सिजनमध्ये पूर्णपणे जाळतात. त्यातल्या कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो, हायड्रोजनचे पाणी होते. दोन्हींचे वजन केले, की पदार्थात कार्बन किती आणि हायड्रोजन किती हे काढता येते. गोम्बर्ग यांना हवा असलेला पदार्थ १०० ग्रॅम घेतला, तर त्यात कार्बन ९३.८ ग्रॅम आणि हायड्रोजन ६.२ ग्रॅम असायला हवा होता. दोन्ही मिळून १००.

उत्तर आले ते असे : कार्बन सुमारे ८८, हायड्रोजन सुमारे ६. बेरीज ९४. सहा ग्रॅम गेले कुठे?

येथे मला माझीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. मी बारावीत असताना प्रयोगशाळेत ब्युरेट घेऊन वाचने घेत होतो. माझी तीन वाचने एकमेकांशी जुळली, पण पुस्तकातल्या उत्तराशी जुळली नाहीत. शेजारच्या मुलाने सांगितले, की पुस्तकातले उत्तर धर आणि उलटे गणित करून वाचन लिही. मी तसे केले. जर्नलवर सही झाली, गुण मिळाले. माझे द्रावण खरोखर वेगळे होते का, बाटलीवरची चिठ्ठी चुकली होती का, की माझाच हात हलला, हे मला आजपर्यंत कळलेले नाही. आता मी तुमची जर्नले तपासतो, तेव्हा सगळ्यांची वाचने अगदी एकसारखी पाहून मला तो दिवस आठवतो.

गोम्बर्ग यांनी वाचन बदलले नाही. तसेच त्यांनी लगेच मोठा शोध लागला असेही मानले नाही. प्रथम त्यांना वाटले, की पदार्थ नीट जळत नसावा. त्यांनी जाळण्याची पद्धत सुधारली. उत्तर तेच. मग त्यांनी चांदीऐवजी जस्त वापरले, पारा वापरला. नवे स्फटिक, पुन्हा विश्लेषण, पुन्हा सुमारे ८८. माणूस चुकला असता, तर दर वेळी वेगळा चुकला असता. उत्तर दर वेळी एकच येते, तर ते पदार्थाचेच म्हणणे असले पाहिजे. म्हणजे या स्फटिकांत कार्बन आणि हायड्रोजन यांच्याशिवाय तिसरे काहीतरी होते, आणि ते शंभरात सुमारे सहा होते. प्रत्येक रेणूत ऑक्सिजनचे दोन अणू धरले, की हिशेब बरोबर जुळत होता.

पण ऑक्सिजन घातला कोणी? कोणीच नाही. तो हवेतून आला होता. पदार्थ तयार होताच त्याने बाटलीतल्या हवेतला ऑक्सिजन पकडला होता.

मग गोम्बर्ग यांनी सगळा प्रयोग हवेपासून दूर केला. भांडी, नळ्या, गाळणी, सगळे असे जोडले, की आत फक्त कार्बन डायऑक्साइड राहील. त्या काळी असे उपकरण दुकानात तयार मिळत नव्हते. हवेचा एक बुडबुडा शिरला, की सगळी मेहनत वाया. शेवटी त्यांना हवा न लागलेला पदार्थ मिळाला. त्याचे विश्लेषण हव्या त्या आकड्यांच्या जवळ आले. म्हणजे काम फत्ते! पण गोम्बर्ग तेथेही थांबले नाहीत. कारण पदार्थाचे वागणे त्यांना विचित्र वाटले. हेक्झाफिनाइलइथेन हा शांत, सहसा कोणाशी क्रिया न करणारा पदार्थ असेल अशी त्यांची अपेक्षा होती. हा तर ऑक्सिजनवर झडप घालत होता. ब्रोमीन, आयोडीन, जे दिले ते लगेच पकडत होता. आणखी एक गोष्ट. पदार्थ घन असताना रंगहीन होता, पण बेन्झिनमध्ये विरघळवला की द्रावण पिवळे होई. हवेबरोबर हलवले, की पिवळा रंग जाई आणि ते पहिले पांढरे स्फटिक खाली बसत.

या सगळ्याचा एकच अर्थ त्यांना दिसला. कार्बनचे दोन अणू एकमेकांना धरू शकले नव्हते, किंवा धरले तरी हात सुटत होता. त्या द्रावणात असा कार्बन होता, ज्याचे तीन हात कड्यांनी भरलेले होते आणि चौथा हात मोकळा होता. हे मुक्त मूलक होते. त्याचे नाव त्यांनी ट्रायफिनाइलमिथाइल असे ठेवले. १९००मध्ये त्यांनी हा शोध छापला. लेखाच्या शेवटी, हे काम माझ्यासाठी राखून ठेवावे, अशी इच्छाही त्यांनी व्यक्त केली. त्या काळी अशी रीत होती. पण एवढी मोठी बातमी कळल्यावर कोण थांबतो? युरोपातील अनेक जण लगेच या कामाला लागले.

आणि वादही सुरू झाला. त्या पदार्थाच्या रेणूचे वजन मोजले, तर ते एका मूलकाच्या दुप्पट भरे. मग मोकळा हात कुठे आहे, असा टीकाकारांचा प्रश्न होता आणि प्रश्न बिनचूक होता. उत्तर सापडायला काही वर्षे लागली. द्रावणात बहुतेक मूलके जोडीनेच असतात. शंभरांतील थोडीच सुटी असतात. पिवळा रंग त्या थोड्यांचा. ज्युलियस श्मिडलिन यांनी १९०८मध्ये एक साधा प्रयोग केला. पिवळे द्रावण हवेबरोबर थोडा वेळ हलवले. रंग गेला. बाटली स्थिर ठेवली. हळूहळू रंग परत आला! सुटी मूलके ऑक्सिजनने पकडली होती, पण जोड्यांमधून नवी मूलके सुटून बाहेर येत होती. दोन वर्षांनी व्हिल्हेल्म श्लेंक यांनी आणखी मोठी कडी असलेले मूलक बनवले. त्याला जोडी करताच येईना. त्याचे द्रावण गडद जांभळे होते आणि त्यातली मूलके सुटीच होती. त्यानंतर गोम्बर्ग यांच्या म्हणण्यावर शंका घेणारे फारसे उरले नाहीत. १९२९मध्ये बर्लिन येथे फ्रिड्रिख पानेथ आणि त्यांच्या सहकाऱ्याने तर मिथाइल हे अगदी लहान मूलक सेकंदाच्या काही हजारांश भागांपुरते टिकते, हे दाखवून दिले.

आता उन्हाकडे वळू. गोम्बर्ग आणि त्यांचे सहकारी कोन यांनी १९०४मध्येच एक गोष्ट नोंदवली होती. हवा पूर्ण बंद असली, तरी ते पिवळे द्रावण उजेडात ठेवले, की फिके पडते. श्मिडलिन यांच्या बाटलीत रंग परत आला होता, येथे तो परत येत नाही. याचे कारण पुढच्या शास्त्रज्ञांनी शोधले. साधे मूलक आपल्यासारख्याच दुसऱ्या मूलकाचा हात धरते आणि सोडते. पण प्रकाश शोषून उत्तेजित झालेले मूलक वेगळे वागते. काही मूलकांकडून हायड्रोजनचा अणू जातो आणि त्यांची दोन कडी एकमेकांना कायमची जुळतात. तो हायड्रोजन दुसरी मूलके घेतात आणि त्यांचा मोकळा हात भरून जातो. झाले! आता सोडण्यासारखे काही उरले नाही. एकाच पदार्थाची अंधारातली वागणूक एक आणि उजेडातली दुसरी. म्हणून गोम्बर्ग यांना आपली बाटली हवेपासून जपावी लागे, तशीच उन्हापासूनही.

१९०४मध्येच गोम्बर्ग प्राध्यापक झाले. ते स्वतः प्रयोगशाळेत उभे राहून आपल्या हातांनी काम करीत. नोकरी सोडून मोठ्या शहरात जाण्याचा विचार त्यांनी केला नाही. ज्या विद्यापीठाने त्रिकोणमिती न येणाऱ्या मुलाला परत येऊ दिले, तेथेच ते अखेरपर्यंत राहिले.

त्यांच्या आयुष्यातले एक पान मात्र काळे आहे, आणि ते मी गाळणार नाही. पहिल्या महायुद्धात जुलै १९१७मध्ये जर्मन सैन्याने मस्टर्ड वायूचा वापर केला. या वायूने कातडीवर फोड येतात, डोळे जातात, फुप्फुसे भाजून निघतात. त्याच वर्षी अमेरिका युद्धात उतरली होती आणि तिलाही हा वायू बनवायची रीत हवी होती. सरकारने गोम्बर्ग यांच्याकडे मदत मागितली. त्यांनी ती रीत शोधून दिली. पुढे त्यांना सैन्यात मेजरचा हुद्दा मिळाला आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांसाठी सल्ला देण्याचे काम आले. विषारी वायूचे काम त्यांना मनापासून आवडत नव्हते, असे त्यांच्याविषयी लिहिणाऱ्यांनी नोंदवले आहे. तरी त्यांनी ते केले. ज्या देशाने आसरा दिला त्याचे मागणे नाकारणे त्यांना अवघड गेले असेल. याच मस्टर्ड वायूचा द्रव १८८६मध्ये शुद्ध रूपात कोणी बनवला होता, ठाऊक आहे? त्यांचे हायडेलबर्गचे गुरू व्हिक्टर मायर यांनी. तेव्हा त्यांच्या मनात युद्ध नव्हते. हे पान वाचून गोम्बर्ग यांच्याविषयी काय वाटून घ्यायचे, ते तुम्ही ठरवा. मला अजून नीट ठरवता आलेले नाही.

युद्धानंतर ते आपल्या मूलकांकडे परतले. मान मिळत गेला. १९२७पासून ते रसायनशास्त्र विभागाचे प्रमुख होते. १९३१मध्ये ते अमेरिकन केमिकल सोसायटीचे अध्यक्ष झाले. नोबेल पारितोषिक मात्र त्यांना मिळाले नाही. १९३६मध्ये ते निवृत्त झाले. त्यांनी लग्न केले नव्हते. घर त्यांची बहीण सांभाळत असे. १२ फेब्रुवारी १९४७ रोजी, वयाची ८१ वर्षे पुरी झाल्यावर चार दिवसांनी, ॲन आर्बर येथे त्यांचे निधन झाले. आपली शिल्लक त्यांनी रसायनशास्त्र विभागाला देऊन टाकली होती. त्यातून विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या मिळाव्यात, अशी त्यांची व्यवस्था होती.

तोपर्यंत मुक्त मूलके ही नवलाची वस्तू राहिली नव्हती. तुम्ही बाजारातून ज्या पातळ प्लॅस्टिक पिशव्या आणता, त्यांतले पुष्कळसे प्लॅस्टिक मूलकांच्या साखळीनेच बनते. १९४४मध्ये, म्हणजे गोम्बर्ग हयात असतानाच, अमेरिकेतील गिल्बर्ट लुइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्रायफिनाइलमिथाइलचा पुन्हा अभ्यास केला. त्यांना आढळले, की या मूलकाने प्रकाश शोषला, की ते स्वतःही प्रकाश देते. सुरुवातीला मी सांगितलेला दुसरा मार्ग आठवा. वरच्या पायरीवरचा इलेक्ट्रॉन काही वेळा प्रकाश देत खाली येतो.

या गोष्टीचा उपयोग व्हायला बराच काळ गेला. आजकाल काही दूरदर्शन संचांच्या आणि मोबाइलच्या पडद्यांत कार्बनी पदार्थांचे अतिशय पातळ थर असतात. त्यांतून वीज गेली, की ते उजळतात. नेहमीच्या रेणूंत इलेक्ट्रॉन जोडीजोडीने असतात. विजेने असे रेणू उत्तेजित केले, की चारांपैकी एकच सहज प्रकाश देतो. बाकीचे तीन अशा पायरीवर अडकतात, की तेथून प्रकाश देत उतरणे कठीण असते. त्यांना उतरवण्यासाठी वेगळे उपाय करावे लागतात. मूलकात एक इलेक्ट्रॉन एकटाच असतो. तो एकटाच वर जातो आणि एकटाच खाली येतो. त्याच्या वाटेत ती अडकण्याची पायरी येत नाही. अडचण एवढीच, की मूलक हवेत आणि उजेडात टिकले पाहिजे. त्यासाठी रसायनशास्त्रज्ञांनी बेन्झिनच्या कड्यांवर क्लोरीनचे मोठे अणू बसवले. ते मोकळ्या हाताभोवती कुंपणासारखे उभे राहतात. २०१८मध्ये चीनमधील जिलिन विद्यापीठ आणि इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठ येथील शास्त्रज्ञांनी अशा मूलकाचा दिवा तयार केला. त्यातून गेलेल्या दर १०० इलेक्ट्रॉनांमागे सुमारे २७ प्रकाशकण बाहेर पडले. हा आकडा तुम्हांला लहान वाटेल. पण तो प्रकाश आपल्या डोळ्यांना जेमतेम दिसेल असा अगदी गडद लाल होता आणि तशा दिव्यांसाठी हा आकडा फार मोठा होता. त्या मूलकाच्या मध्यभागी तोच कार्बन आहे : तीन हात तीन कड्यांत, चौथा मोकळा.

एक गोष्ट सांगायची राहिली. गोम्बर्ग यांच्या द्रावणात मूलकांच्या ज्या जोड्या होत्या, त्या हेक्झाफिनाइलइथेनच्याच असतील, असे रसायनशास्त्रज्ञ अनेक वर्षे मानत होते. पण १९०५मध्ये याकोब्सन नावाच्या शास्त्रज्ञाने वेगळी कल्पना मांडली होती. मधले दोन कार्बन एकमेकांपर्यंत पोचूच शकत नाहीत, मध्ये कडी आड येतात, म्हणून एक मूलक दुसऱ्याच्या कड्याचे टोक धरते, असे त्यांचे म्हणणे होते. त्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. १९६८मध्ये हॉलंडमधील तीन शास्त्रज्ञांनी नव्या उपकरणांनी तपासणी केली, तेव्हा याकोब्सन बरोबर निघाले. म्हणजे १९००मध्ये गोम्बर्ग जो पदार्थ बनवायला निघाले होते, तो त्यांच्या बाटलीत कधी नव्हताच. तो साधा हेक्झाफिनाइलइथेन आजपर्यंत कोणालाही बनवता आलेला नाही.